क्रमांक सतरा

धोंडूदादा,

कॉलेजच्या नोटीस बोर्डावर तुझ्याबद्दल चार ओळी लागल्या आहेत. टाइप केलेल्या, खाली कचेरीचा शिक्का. ‘आपल्या कर्मशाळेतील माजी मदतनीस श्री. धोंडू यांचे दुःखद निधन झाले. ते प्रामाणिक व कष्टाळू होते.’ शेजारी हरवलेल्या छत्रीची नोटीस आहे. ती तुझ्यापेक्षा दोन ओळींनी मोठी आहे.

‘मदतनीस’ हा शब्द वाचला आणि माझं डोकं फिरलं. तसाच तणतणत कचेरीकडे निघालो. अर्ध्या जिन्यात पाय थांबले. हा शब्द त्यांनी कुठून उचलला ते आठवलं. माझ्याच प्रबंधातून. सुरुवातीच्या पानावर, आभाराच्या शेवटच्या ओळीत, ‘कर्मशाळेतील मदतनिसांच्या साहाय्याबद्दल’ असं मी स्वतः लिहिलंय. इंग्रजीत, आणि नावही न घालता. मग मी भांडणार तरी कुणाशी?

वार्षिक अंकासाठी माझ्याकडे अर्धं पान मागितलंय. “तुम्ही त्यांच्याबरोबर होतात ना, लिहा काहीतरी बरं.” अर्ध्या पानात तुझी एक शिवीसुद्धा मावणार नाही. मी लागेल तेवढं लिहिणार आहे आणि ते छापायला लावणार आहे. कारण यात मला एक गोष्ट कबूल करायची आहे. ती तुझ्या तोंडावर कबूल करायची होती. बॅगेत पुरावा घेऊन तुझ्या ओटीवर येऊन बसलो होतो, आणि चहा पिऊन परत गेलो होतो.

आपली पहिली भेट तुला माझ्याहून जास्त आठवत असणार, कारण ती गोष्ट तू दहा जणांना दहा तऱ्हांनी सांगितलीस. मी बीएस्सी होऊन दोन महिने झाले होते. आमच्या घरातच नव्हे, खाडीकाठच्या आमच्या सगळ्या गावात पहिला. डिग्रीचा कागद मी ट्रंकेत कपड्यांच्या वर ठेवायचो, झाकण उघडलं की आधी तोच दिसावा म्हणून. भौतिकशास्त्राच्या सरांनी मला संशोधनाला घेतलं आणि म्हणाले, “आधी कर्मशाळेत जाऊन धोंडूला भेट.” मी नवी पँट घालून तुझ्या दारात उभा राहिलो. तू लेथवर वाकला होतास. मान वर न करता विचारलंस, “कुठला रे तू?”

“पनवेलचा.”

“मीपण पनवेलचा. कुठल्या आळीतला?”

मी गडबडलो. बाजाराजवळ, असं काहीतरी पुटपुटलो. तू लेथ थांबवलास आणि माझ्या चपलांकडे पाहिलंस.

“बाजाराजवळच्या माणसाच्या टाचा अशा नसतात बाबा. या मिठाच्या पाण्याने चिरलेल्या टाचा आहेत. कुणाच्या आगरात?”

“मी बीएस्सी आहे,” मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

तू इतका हसलास की डोळे पुसावे लागले. “बरं बरं, बीएस्सी! ये आत, बीएस्सी. तो स्टूल घे. पुसून घे हां, बीएस्सीच्या पँटला ग्रीस लागेल.”

तेव्हापासून मी बीएस्सी. पुढे एमएस्सी झालो तेव्हा पेढे देताना म्हटलं, आता तरी बदल. म्हणालास, “नाय जमणार. एक अक्षर जास्त झालं तर हाक मारेपर्यंत तू जिना उतरून जाशील.” अक्षर जास्त नाही, पहिलंच तेवढं बदलतं, हे मी समजावून सांगितलं. त्यावर आणखी हसलास. त्या वेळी राग यायचा, दादा. ती हाक आपल्याला एवढी हवीशी होईल, हे तेव्हा कुठे माहीत होतं!

आपण नेमकं काय करायचो ते वाचणाऱ्यांना थोडं सांगतो, नाहीतर त्यांना पुढचं कळायचं नाही. दगडात, मिठात, लोखंडात कण रांगेने बसलेले असतात. क्ष-किरणांचा झोत त्यातून सोडला की मागच्या फिल्मवर बारीक, रेखीव वर्तुळं उमटतात. द्रवात तशी रांग नसते. वर्तुळ उमटतं, पण धूसर, चंद्राला खळं पडतं तसं. आणि काच? दिसायला दगड, पण फिल्मवर खळं. आतून ती द्रवासारखीच विस्कटलेली, फक्त थिजलेली. खळं लहान की मोठं, यावरून कण एकमेकांपासून किती अंतरावर आहेत ते कळतं. कण जवळ आले की खळं मोठं होतं. सरांना पाहायचं होतं ते एवढंच, की काच तापवून मऊ केली आणि तशा स्थितीत भयंकर दाबली, तर तिच्या आतली मांडणी बदलते का.

हे पहिल्यांदा तुला समजावून सांगितलं तेव्हा माझा आवाज जरा वर्गात शिकवल्यासारखा लागला असणार. तू शांतपणे ऐकलंस आणि म्हणालास, “म्हणजे काचेने दाणा धरलेला नसतो.”

दाणा! आमच्या आगरात बा हाच शब्द वापरतो. उन्हात पाणी आटत आलं, वाफ्यात मीठ दिसू लागलं, की म्हणतो, ‘दाना धरला.’ तो शब्द कॉलेजच्या इमारतीत, तुझ्या तोंडून ऐकला आणि मी दाराकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. असा होतो मी.

सरांकडे दाबयंत्र आलं होतं जुन्या सामानातलं. त्याला तू पहिल्याच दिवशी ‘सासू’ नाव ठेवलंस. “जीव जाईस्तोवर दाबते आणि वर कुरकुरते.” आठवड्याभरात सगळ्यांच्या तोंडी तेच. एकदा परगावचे पाहुणे आले असताना सरांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, “धोंडू, सासूवर आत्ता दाब किती आहे?” आणि मग स्वतःच खोकत बाहेर गेले.

पण सासूची नळी टिकेना. ज्या जाड पोलादी नळीत काच ठेवून दाबायची, ती दरवेळी उभी चिरायची. दोन गेल्या, तिसरी गेली. सर म्हणाले, परदेशातून मागवावी लागेल, परवानगीला वर्ष जाईल. माझं संशोधन तिथेच बसणार होतं. मी कर्मशाळेत डोकं धरून बसलो. तू चिरलेली नळी हातात फिरवत होतास.

“बीएस्सी, बैलगाडीचं चाक का फुटत नाय?”

“मला काय माहीत?”

“पनवेलचा ना तू? बाजाराजवळचा?” मग नळीवर बोट ओढलंस. “लोखंडी धाव असते म्हणून. लाकडाला बाहेरून आधीच आवळून ठेवलेलं असतं. मग भार येतो तेव्हा फुटायच्या आधी त्याला ते आवळणं संपवावं लागतं. हिलापण धाव चढवू.”

शनिवारी आपण एसटीने ठाण्यावरून पनवेलला आलो, नळी गोणपाटात गुंडाळून. कंडक्टरने विचारलं, यात काय आहे. “सासू,” तू म्हणालास, “माहेरी नेतोय.”

तुमच्या घरच्या, बैलगाडीची चाकं करायच्या अंगणातली ती रविवारची सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. एका बाजूला नुसते आरे, दुसरीकडे तुंबे, भिंतीला टेकलेली धाव नसलेली चाकं. शेणी वर्तुळात रचून त्यात तू कातलेलं पोलादी कडं तापायला घातलं होतं. तुझे आबा खाटेवर बसून देखरेख करत होते. त्यांना दिसत नव्हतं फारसं, तरी सगळं त्यांनाच कळत होतं. कडं लाल झालं. तू आणि तुझा भाऊ सांडशीने उचलून धावत आलात आणि नळीवर बसवलंत. सुळकन गेलं. सवयीने तुझ्या भावाने पाण्याची बादली उचलली.

“थांब!” तू ओरडलास. “पाणी नको!”

आबा खाटेवरून कडाडले, “पाण्याशिवाय धाव कशी बसंल रे? मुंबईला जाऊन बापाला शिकवतो?”

“आबा, चाकाला पाणी लाकूड जळू नये म्हणून. हे लाकूड नाय. पाणी घातलं तर पोलाद ठिसूळ होईल. आपलं आपण निवू दे.”

“आनि निवंपर्यंत?”

“निवंपर्यंत हात नाय लावायचा. दाबून धरायचं नि बसायचं.”

आपण दोन तास बसलो तिथे. वहिनींनी पोहे आणून दिले. आबा थोड्या वेळाने उठले, चाचपडत आले, कड्याला लांबूनच तळवा दाखवून ऊब पाहिली आणि म्हणाले, “बसली.” त्यांनी तुझं कौतुक केलेलं मी तेवढंच ऐकलं.

ती नळी कधीच चिरली नाही. माझ्या प्रबंधात तिचं सुबक चित्र आहे, मापांसकट.

त्याच दुपारी तू हट्टाने माझ्याबरोबर आमच्या गावी आलास. मी टाळत होतो. बांधावर बा भेटला, उघडा, गुडघ्यापर्यंत चिखलात. मला वाटलं तू थट्टा करशील. तू चपला काढल्यास आणि सरळ बांधावर त्याच्याजवळ जाऊन बसलास.

“काका, पाणी तयार झालं हे कसं ओळखता?”

“अंडं टाकून,” बा म्हणाला. त्याने टोपलीतून अंडं काढलं आणि एका वाफ्यात सोडलं. ते खाली गेलं. उचलून पुढच्या वाफ्यात सोडलं, तिथे ते तरंगलं. “पानी जड झालं का अंडं वर. जिभंला नाय कलत ते. जीब लबाड. अंडं खोटं बोलत नाय.”

“म्हणजे पाणी तेच ठेवलं आणि दोन अंडी टाकली, तर जड कुठलं नि हलकं कुठलं तेपण कळेल?”

“मंग? यात काय सिकायचं हाय?” बाला ते फारच सोपं वाटलं. मग त्याला काहीतरी आठवलं. “हा आमचा नारान तिकडं काय सिकतो?”

“काचेने दाणा का धरला नाय, ते शोधतो.”

बाने डोकं खाजवलं. “घाईत निवली आसंल. मीठबी घाईत पिकवलं तर दाना बारीक येतो. लईच घाई केली तर धरनारच नाय.”

तू माझ्याकडे पाहिलंस. मी खाडीकडे पाहिलं. हीच गोष्ट सर फळ्यावर एक तास समजावतात. परतताना एसटीत तू म्हणालास, “तुझा बा सरांच्या शेजारी बसवण्यासारखा माणूस आहे.” मी म्हणालो, “हळू बोल.”

आता क्रमांक सतरा.

काचेचे तुकडे आपण क्रमांकाने ओळखायचो. सरांनी लवकर मऊ पडणारी काच मुद्दाम करून घेतली होती. तापवायची, दाबायची, तासभर ठेवायची, मग दाब सोडायचा आणि नंतर निववायची. ही रीत मी लिहून भिंतीवर लावली होती, कारण दाब ठेवून निववलं तर दट्ट्या नळीत अडकायची भीती. सोळा तुकडे असे झाले. सोळाच्या सोळा खळी सारखी, न दाबलेल्या काचेसारखीच. दाबाने काच काही बदलत नाही, असा माझा निष्कर्ष तयार होत आला होता.

सतराव्या वेळी मी वर तास घेत होतो. खाली येऊन पाहतो तर नळी तापवणारी विजेची तार तू बंद केलेली, नळी निवत आलेली, आणि दाब तसाच चढवलेला.

“दादा, हे काय! दाब आधी सोडायचा ना?”

तू भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलंस आणि कपाळाला हात लावलास. “विसरलो रे. हात आपलाच गेला. निवंपर्यंत सोडायचं नाय, ही सवय बोटांत बसलीय.”

मी बोललो तुला. बरंच बोललो. दट्ट्या काढायला अर्धा दिवस गेला. तुकडा फुटून निघाला, पण वाटाण्याएवढा एक भाग शाबूत होता, आणि त्याचा एक पापुद्रा मी फिल्मसाठी लावला, निव्वळ सुरू केलेलं पुरं करायचं म्हणून.

फिल्म धुऊन वाळली आणि तू ती माझ्याआधी खिडकीपाशी धरलीस. “बीएस्सी, खळं मोठं आहे.”

“नसणार.”

“पट्टी लाव.”

पट्टी लावली. होतं मोठं. थोडंच, पण होतं. आणि मी काय केलं? मी सतराव्या तुकड्याचं ऐकायच्या ऐवजी सोळांची बाजू घेतली. म्हणालो, नमुना जागेवरून केसभर सरकला असेल, त्याने खळं मोठं दिसतं. हे खरंही आहे, तसं होतं. पण मी तो परत लावून पाहिला नाही. कारण ती चूक तुझ्या हातून झाली होती, आणि मदतनिसाच्या चुकीतून माझा निष्कर्ष उलटा व्हावा, हे मला सोसवेना. आज एवढं सरळ लिहितो. तेव्हा स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं.

तू दोन दिवस तेच घेऊन बसलास. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सर होते, बाहेरचे एक परीक्षक होते, चार-पाच मुलं होती. तू हात पुसत आत आलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, “फिल्मचा भरवसा नसला तर सोपं आहे. जड द्रव घ्यायचा, काच तरंगेल असा. त्यात साधा तुकडा टाकायचा नि सतरावा टाकायचा. सतरावा खरंच दाबलेला असेल तर बुडेल.”

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मुलं हसू दाबत होती. आणि मी म्हणालो,

“हे काय मिठागर आहे का, अंडं टाकून बघायला?”

मुलं हसली. परीक्षकही हसले. सर हसले नाहीत, पण फळ्याकडे वळले.

त्या खोलीत ते मिठागर कुणाचं हे फक्त तुला माहीत होतं, दादा. तू नुसतं एवढं म्हणाला असतास, ‘तुझ्या बापाचंच आहे की’, तर मी तिथल्या तिथे मेलो असतो. तुझ्या जिभेला धार किती होती ते मला ठाऊक आहे. हातातलं फडकं घडी करून टेबलावर ठेवलंस. आणि म्हणालास, “बरं साहेब. तुम्ही म्हणाल तसं.”

तुम्ही.

पुढची सगळी वर्षं तू मला ‘तुम्ही’ म्हणालास. काम तितकंच चोख करायचास. नळी, दट्ट्या, फिल्मच्या कॅमेऱ्यात नमुना ठेवायची खूण, सगळं वेळेवर. ‘साहेब, झालंय.’ ‘साहेब, तुम्ही बघून घ्या.’ एसटीत शेजारी जागा असली तरी ‘बसा साहेब, मला वारा लागतो’ म्हणून मागे जायचास. मी एकदा चिडून म्हणालो, “दादा, पुरे झालं हे!” तर शांतपणे विचारलंस, “काय चुकलं का, साहेब?” एखाद्याला मान देऊन इतकं लांब ठेवता येतं, हे मी तुझ्याकडून शिकलो. तो सतरावा तुकडा कुठे गेला, हे मी कधी विचारलं नाही. प्रबंधात सोळा तुकडे आहेत. सोळांच्या जोरावर मला पीएचडी मिळाली.

तू दम्यामुळे काम सोडून पनवेलला गेलास, त्याच्या पुढच्या वर्षी वाचनालयात एक परदेशी नियतकालिक आलं. त्यात कुणीतरी काच तापवून दाबली होती आणि दाब तसाच ठेवून निववली होती. काच दाबलेलीच राहिली होती. दाब काढल्यावरसुद्धा तिची मांडणी आवळलेली होती, वजनाला ती जड झाली होती. गरम असतानाच दाब सोडला की मात्र ती पुन्हा सैल होऊन पहिल्यासारखी होत होती. म्हणजे माझे सोळा तुकडेही खरे होते आणि तुझा सतरावाही. फक्त मी भिंतीवर लावलेली रीत होती पुरावा पुसून टाकायची, आणि तुझ्या बोटांतली होती तो जपायची. मी ते पान तीनदा वाचलं.

पुढच्या रविवारी तो अंक बॅगेत घालून तुझ्याकडे आलो. अंगणात चाकं फार थोडी उरली होती. तुझा भाऊ सांगत होता, आता लोक गाडीला रबराचे टायर मागतात. तू ओटीवर उशीला टेकून बसला होतास.

“या साहेब. बसा. अगं, साहेबांना चहा.”

मी बॅग मांडीवर घेतली. बंद उघडला. तू विचारलंस, “सर बरे आहेत?” मी म्हटलं, बरे आहेत. “सासू?” म्हटलं, चालतेय, तुझ्या धावेवरच चालतेय. तू हसलास. मग खोकला आला. मला वाटलं आता काढावा अंक, आता म्हणावं, ‘दादा, तुझं खरं होतं.’ चार शब्द. पण त्याच्या आधी दुसरी माफी मागायला लागणार होती, मिठागराची. ती जिभेवर येईना. बा म्हणतो तसं, जीभ लबाड. मी बंद पुन्हा लावला. निघताना तू म्हणालास, “काही सांगायचं होतं का, साहेब?”

“नाही, सहज आलो होतो,” मी म्हणालो.

तुला कळलं होतं ना? बॅगेकडे दोनदा पाहिलंस तू.

परवा तुझ्या तेराव्याला आलो. पंगत उठल्यावर वहिनी मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. कोनाड्यातून तपकिरीची जुनी डबी काढली. म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही कॉलेजातले. तुम्हाला माहीत असेल. यांनी सांगून ठेवलं होतं, बीएस्सी आला की ही त्याला द्या. आजारपणात चारदा तरी म्हणाले, बीएस्सी आला का? मी म्हटलं, भाऊजी येऊन गेले तेव्हा त्यांना का नाही विचारलंत? तर म्हणाले, तो साहेब आला होता, बीएस्सी नव्हता आला. हा बीएस्सी कोण हो? तेराव्यालाही आला नाही.”

मी डबी हातात घेतली. मग म्हणालो, “आलाय, वहिनी. मीच तो.”

डबीत कापूस होता आणि कापसात वाटाण्याएवढा तुकडा. चिठ्ठी नाही, काही नाही. कापसाच्या खाली डबीच्या पत्र्यावर खिळ्याने फक्त कोरलेलं, १७.

घरी जाऊन बाला सगळं सांगितलं. मी प्रयोगशाळेत काय बोललो तेही सांगितलं, शब्दन् शब्द. बाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “तो मानूस माज्या बांधावर चपला काडून बसला व्हता,” आणि उठून आगराकडे गेला. मला ओरडला असता तर बरं झालं असतं.

सोमवारी प्रयोगशाळेत ब्रोमोफॉर्म नावाचा जड द्रव घेतला आणि थेंब थेंब स्पिरिट घालून असं जमवलं की साधी काच जेमतेम वर राहील. सर आले. मुलं होती, तीही जवळ आली. मी आधी त्यांना सांगितलं की ही रीत मिठागरातली आहे, माझा बाप खाडीवर मीठ पिकवतो, तो अंडं टाकून पाणी ओळखतो, आणि हा प्रयोग धोंडूदादाने सुचवला होता तेव्हा मी त्याला हसलो होतो. मग साधा तुकडा सोडला. तो वर राहिला. मग तुझा सोडला.

तो थांबला नाही, दादा. घाईनेही गेला नाही. सरळ खाली गेला आणि बाटलीच्या तळाला टेकला. काचेवर काच टेकल्याचा इतका बारीक आवाज आला की फक्त मलाच आला असेल.

सरांनी बाटली उजेडात धरून पाहिली. मग म्हणाले, हे आता छापून उपयोग नाही, बाहेरच्यांनी आधीच छापलंय. ते खरंच आहे. म्हणून इथे, आपल्या वार्षिकात छापतोय: दाब ठेवून निववलेली काच दाबलेली राहते, हे आपल्या कॉलेजात सगळ्यांत आधी धोंडूदादाने दाखवलं. तो मदतनीस नव्हता. मदत मी करत होतो, तीही धड नाही.

सर आणखी एक म्हणाले. पुरावा पुरा करायचा तर हा तुकडा दाबाशिवाय पुन्हा तापवून पाहायला हवा. तापवला की तो सैल होईल, साध्या काचेसारखा वर येईल, आणि मग कुणाला शंका राहणार नाही. शास्त्र म्हणून बरोबर आहे. तूसुद्धा म्हणाला असतास, ‘घाबरतोस काय बीएस्सी, तापव की!’ आपला तोही एक वाद झाला असता, आणि तू जिंकला असतास.

पण मी सरांना म्हटलं, एवढं सोडून काहीही सांगा. बाटलीला बूच लावून मेण ओतलं, वर तुझं नाव लिहिलं आणि ती सासूच्या वरच्या फळीवर ठेवली. मुलं येताजाता वाकून पाहतात. एक तुकडा वर आहे, एक तळाशी.

तुझा तळाशी आहे. राहू दे.

तुझा,
बीएस्सी